शहाण्णव सिझर

२००७ साली आमच्या हॉस्पिटलात बर्नार्ड डॉक्टरांच्या युनिटमध्ये शहाण्णव सिझर झाली. वह्यांमध्ये मात्र ती एकशे पंच्याऐंशी होती, आणि गंमत म्हणजे त्यात कोणीही खोटं लिहिलेलं नव्हतं.

हे कसं, ते सांगते. माणिकपूरच्या त्या हॉस्पिटलात मी सव्वीस वर्षं रेकॉर्डची खोली सांभाळत होते. जिन्याखालची खोली. तिला एक खिडकी, खिडकीला जाळी, जाळीला हात जाईल एवढं भोक. अर्ध्या वसईने त्या भोकातून माझ्याकडे आपापले कागद मागितले आहेत. ऑपरेशन झालं की थिएटरची विनी सिस्टर रजिस्टरमध्ये एक ओळ लिहायची: नंबर, तारीख, बाईचं नाव, काय केलं, सर्जन कोण, मदतीला कोण. सर्जनच्या रकान्यात ती ‘डॉ. बर्नार्ड’ लिहायची. ते लिहायला तिला थिएटरकडे बघावंही लागत नसे. बाई बर्नार्ड डॉक्टरांच्या नावावर दाखल झालेली, तिचे घरचे बर्नार्ड डॉक्टरांच्या भरवशावर बाहेर बाकड्यावर बसलेले, मग तिथे दुसरं नाव कशाला?

त्याच ऑपरेशनची दुसरी नोंद असायची निळ्या वहीत. आमच्याकडे बाळंतपणाचं पुढचं शिक्षण घेणारे दोन तरुण डॉक्टर असत. त्यांना परीक्षेला बसायचं तर लॉगबुक भरावं लागे. काय पाहिलं, कशात मदत केली, काय स्वतःच्या हाताने केलं. तेच सिझर त्यांच्या वहीत ‘स्वतः केलं’ या रकान्यात जायचं, आणि वर्षाअखेरीला डॉक्टर त्या वहीवर एका चहाच्या कपात सगळ्या सह्या उरकायचे. तिसरी नोंद मी करायची. शिकवणाऱ्या डॉक्टरनेही वर्षाला साठ सिझर स्वतः केली पाहिजेत, नाहीतर त्याची शिकवण्याची मान्यता जाते, असा परीक्षा मंडळाचा नियम. तेव्हा मी रजिस्टर समोर ठेवून वार्षिक तक्ता टाइप करायची, त्यात ते सिझर पुन्हा डॉक्टरांचं.

डॉक्टरांची शहाण्णव, उन्नतीची अठ्ठ्याहत्तर, विघ्नेशची अकरा. बेरीज करून बघा. तीन वह्या तीन कपाटांत होत्या, आणि आमच्या हॉस्पिटलातली कपाटं एकमेकांशी बोलत नसत. माणसंही बेताचीच बोलत.

मग मंडळाने वह्या बंद केल्या. २००८च्या जानेवारीपासून सगळं कॉम्प्युटरवर. शिकणाऱ्याचं लॉगबुक तिथे, शिकवणाऱ्याचा तक्ता तिथे, प्रत्येक ऑपरेशनला थिएटर रजिस्टरचा नंबर, आणि चालू वर्षाबरोबर मागच्या वर्षाचंही सगळं भरायचं. मला टाइपिंग येत होतं, त्यावरून मला कॉम्प्युटरही येतो असं सगळ्यांनी धरून चाललं. रेकॉर्डच्या खोलीत एक मशीन आलं, त्याला टेलिफोनची लाइन जोडली. दुपारी दोनला लाइट जायची ती पाचला यायची, त्यामुळे मशीन सकाळीच. त्यातही मंडळाचं पान पंधरा मिनिटं हात न लावता ठेवलं तर आपोआप बंद व्हायचं आणि पुन्हा पहिल्यापासून नाव, पासवर्ड. मी वयाच्या चौपन्नाव्या वर्षी हे शिकले. कोणी शिकवलं नाही. कोणाला येतच नव्हतं.

डॉक्टरांनी तर कीबोर्डकडे बघितलंही नाही. ‘आल्बिना, तू बघ,’ एवढंच म्हणाले. त्यांच्या नावाने खातं मी उघडलं, पासवर्ड मी ठेवला, त्यांच्या फोटोच्या जागी जुन्या ओळखपत्रावरचा फोटो मी चिकटवला. मंडळाच्या लेखी सहा आठवडे मीच डॉ. बर्नार्ड घोन्साल्विस होते, आणि माझी कुठे तक्रार आली नाही.

चूक झाली ती रीतभात पाळल्यामुळे झाली. मोठ्यांचं आधी, लहानांचं नंतर. मी जानेवारीत डॉक्टरांचा तक्ता आधी भरला. रजिस्टर उघडलं, सर्जनचा रकाना वाचला आणि शहाण्णवच्या शहाण्णव नोंदी त्यांच्या नावावर चढवल्या. फेब्रुवारीत, आमचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या दुसऱ्या दिवशी, उन्नती आपली निळी वही घेऊन आली. मी तिची पहिली नोंद टाइप केली. मशीन थोडा वेळ थांबलं आणि लाल अक्षरांत म्हणालं की ही नोंद आधीच दुसऱ्याच्या नावावर आहे.

दुसरी घातली. तेच. पाचव्या नोंदीला उन्नती स्टुलावर बसली.

“आंटी, म्हणजे माझं किती झालं?”

“शून्य,” मी म्हटलं.

ही उन्नती एव्हरशाईन सिटीत राहायची. वडील बँकेतून निवृत्त झालेले, एकुलती एक मुलगी. तीन वर्षं झाली होती तिला आमच्याकडे. खरं तर मागच्या डिसेंबरातच ती परीक्षा देऊन मोकळी व्हायची, पण तिचा प्रबंध मंडळाने दुरुस्तीसाठी परत पाठवला आणि तिला सहा महिन्यांची मुदतवाढ घ्यावी लागली. मुदतवाढ एकदाच मिळते. पंधरा मार्चपर्यंत कॉम्प्युटरवर तिच्या नावाने २००७ची निदान चाळीस सिझर दिसली पाहिजेत, तर तिला जूनच्या परीक्षेला बसता येणार. नाही दिसली, तर साडेतीन वर्षं पाण्यात, आणि नवी प्रवेशपरीक्षा द्यायची तिच्या अंगात ताकद उरलेली नव्हती. तिच्या अंगात बसून राहायचीही ताकद नव्हती. मी नोंदी तपासत असताना ती रजिस्टरांच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून झोपायची आणि मी हाक मारली की विचारायची, “किती वाजले, पेशंट आली का?”

मी नियमांची पानं काढून वाचली. सत्तेचाळीस पानं, इंग्रजी. तोड होती. ज्याच्या नावावर नोंद आहे त्याने स्वतः ‘हे मी केलेलं नाही’ अशा चौकटीत खूण करायची, म्हणजे नोंद मोकळी होते आणि दुसऱ्याला घेता येते. आता ज्याच्या नावावर म्हणजे डॉक्टरांच्या, आणि कॉम्प्युटरवरचे डॉक्टर म्हणजे मी. चाळीस खुणा करायला मला एक सकाळ पुरली असती. एकदा पान उघडून बसलेही. पण नोंदी टाइप करणं वेगळं आणि एखाद्याच्या वतीने ‘मी केलं नाही’ म्हणून कबूल करणं वेगळं. ते मला जमेना. पान पंधरा मिनिटांनी आपोआप बंद झालं.

शिवाय आकडे. उन्नतीला चाळीस हवीत, डॉक्टरांना साठ. झाली शंभर. विघ्नेशला अजून वर्ष हातात होतं, त्याची अकरा मी धरलीच नाहीत. आणि सिझर शहाण्णव. चार कमी.

या चारांवर विघ्नेशकडे उपाय होता. विघ्नेश हा दुसरा शिकाऊ डॉक्टर, विरारचा, दुसऱ्या वर्षाला. हुशार मुलगा, पण हुशारी सगळी वेळ वाचवण्यात. मंडळाने लॉगबुकाबरोबर एक पोर्टफोलिओही ठेवला होता, त्याला रजिस्टरचा नंबर लागत नसे, त्यात प्रत्येक केसखाली चौकट असायची, यातून तुम्ही काय शिकलात, शंभर शब्दांत लिहा. विघ्नेशने एकदाच शंभर शब्द लिहिले, धीराचं महत्त्व आणि सहकाऱ्यांची साथ, आणि ते अकराच्या अकरा केसखाली चिकटवले. जुळ्यांखालीही तेच, अडलेल्या बाळंतपणाखालीही तेच. मंडळाकडून त्याला ‘उत्तम’ असा शेरा आला. तर विघ्नेश म्हणाला, चार नॉर्मल डिलिव्हऱ्या उचला आणि सिझर म्हणून चढवा, बघतंय कोण. डॉक्टरांची मान्यता गेली तर त्यालाच दुसरं हॉस्पिटल शोधावं लागणार होतं, म्हणून त्याची घाई मला समजत होती. मी त्याला म्हटलं, वसईतल्या चार धडधाकट बायकांच्या पोटावर मी टाके घालायचे का? तो म्हणाला, कॉम्प्युटरवरच तर घालायचेत, आंटी.

माझं स्वतःचं गणित वेगळं होतं, आणि ते मला फार नेटकं वाटत होतं. उन्नतीला बरोब्बर चाळीस सोडायची. डॉक्टरांकडे छप्पन्न उरतात. उरलेल्या चारांसाठी मंडळाला नम्र विनंतीचं पत्र, एवढी वर्षं सेवा, वाढतं वय, यंदापुरती सूट मिळावी. असल्या पत्रांवर चार आकडे माफ होतात, हे मला माहीत होतं. सगळ्यांचं भागत होतं. फक्त डॉक्टरांनी हो म्हणायला हवं होतं.

उन्नती त्यांना विचारायला तयार नव्हती. रोज म्हणायची, उद्या बोलते. मी म्हटलं, काय खातील का तुला? ती म्हणाली, “आंटी, त्यांना कसं विचारू की ही मी केली असं लिहून द्या? म्हणजे तुम्ही केली नाहीत असंच झालं ना ते.”

ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणाच्याच तोंडी नव्हती. मला ती सहीवरून कळली. सव्वीस वर्षं एका माणसाच्या सह्या फाइल केल्या की त्याचं दुखणं-खुपणं त्याच्या बायकोच्या आधी आपल्याला कळतं. डॉक्टरांची सही पूर्वी एका झटक्यात व्हायची. २००६च्या दिवाळीनंतर त्यातला घोन्साल्विस थरथरायला लागला, शेवटचं अक्षर तर पाण्यावर काढल्यासारखं. मग मी पाहिलं की ओपीडीत ते चहाचा कप हातात घेत नाहीत, टेबलावर ठेवायला सांगतात आणि गार झाल्यावर दोन्ही हातांनी उचलतात. उजवा हात कोटाच्या खिशात. थिएटरमध्ये ते हात धुऊन, कपडे चढवून टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभे राहायचे आणि बोलत राहायचे. इकडच्या बाजूला उन्नती. बाहेर आलं की बाकड्यावरची सगळी मंडळी त्यांच्या पाया पडायला उठायची. ते म्हणायचे, बाई बरी आहे, बाळ बरं आहे. मी केलं असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. पण नाही केलं असंही नाही.

मार्च उजाडला. पंधरा तारखेला दहा दिवस उरले. शेवटी एका दुपारी, लाइट गेल्यावर, मी ओपीडी संपायची वाट बघत उभी राहिले आणि आत गेले. आम्ही एकाच पॅरिशची, एकाच चर्चची माणसं. एरवी आमचं बोलणं गावच्या बोलीत चालतं; त्या दिवशी मी मुद्दाम ऑफिसची मराठी बोलले, म्हणजे बोलणं आकड्यांचंच राहील. उन्नतीला चाळीस, तुम्हाला छप्पन्न, चारांसाठी पत्र. पत्राचा मसुदाही पुढे केला. त्यांनी वाचला. ‘वाढतं वय’ या शब्दांपाशी थोडे थांबले.

“चाळीस कुठली?” त्यांनी विचारलं.

कुठलीही, मी म्हटलं. मशीनला नंबर लागतात, बाकी कुठलीही चालतात.

“कुठलीही कशी चालतील?” ते म्हणाले. मग म्हणाले, शनिवारी सकाळी बसू या, उन्नतीलाही बोलव, आणि रजिस्टर काढून ठेव.

शनिवारी नऊ वाजता ते जिन्याखाली आले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मान वाकवायची असते हे त्यांना ठाऊक नव्हतं, कपाळ आपटलं. खुर्ची एकच होती, ती त्यांना दिली. उन्नती स्टुलावर, मी मशीनपुढे. विनी सिस्टर दारात येऊन उभी राहिली, तिला कोणी बोलावलं नव्हतं आणि कोणी जा असंही म्हटलं नाही.

ठरलं ते असं. मी रजिस्टरमधला नंबर आणि बाईचं नाव वाचायचं, डॉक्टरांनी सांगायचं कोणाचं, आणि मी खूण करायची. पहिल्या चार नोंदींना ते ‘माझं’ म्हणाले. पाचवीला ‘तिचं’. सहावी माझं. मग एक विघ्नेशचं. जानेवारी-फेब्रुवारीत मिळून त्यांची सात झाली. सातवं एकोणीस फेब्रुवारीचं होतं. त्यानंतर ‘माझं’ हा शब्द आलाच नाही. मी नंबर वाचायची, ते डोळे मिटून बसलेले, नाव ऐकलं की क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, तिचं. मधूनच एखादी गोष्ट सांगायचे. ही निर्मळ गावची, बाळाच्या गळ्यात नाळ दोन वेढे होती. ही शिक्षिका, भूल चढेना. हे तिचं, पण टाके विघ्नेशने घातले, टाके नीट नव्हते. रजिस्टरमध्ये यातलं काहीच नव्हतं. मला वाटत होतं नोंदी माझ्याकडे आहेत.

मी कागदाच्या कोपऱ्यावर रेघा मारत होते. चाळीस झाल्यावर मी हात थांबवला आणि म्हटलं, डॉक्टर, झाली चाळीस.

“पुढचा नंबर वाच.”

“तिला चाळीसच लागतात. इथून पुढची तुमच्याकडे राहिली आणि विघ्नेशची परत घेतली तर छप्पन्न होतात. पत्र तयार आहे.”

“चाळीस मंडळाला लागतात, आल्बिना. तिने केली किती?”

मी उन्नतीकडे पाहिलं. ती म्हणाली, “सर, पुरेत. खरंच पुरेत.” तिचा आवाज असा होता की जणू तिच्याकडूनच कोणी काहीतरी काढून घेतंय. डॉक्टरांनी डोळे उघडले नाहीत. मी पुढचा नंबर वाचला. तिचं. त्याच्या पुढचा. तिचं. माझं नेटकं गणित एकेक रेघेने मोडत गेलं आणि ते माझ्याच बोटांनी मोडत होतं, याचा मला खरं सांगायचं तर राग येत होता. या वयात माणसाने थोडं कमी प्रामाणिक असायला काय हरकत आहे? सगळ्यांचं भागत होतं.

एकसष्ट नंबरला मी नाव वाचलं आणि दारातली विनी सिस्टर हलली. अर्नाळ्याची मुलगी, बावीस वर्षांची, पहिलंच बाळंतपण. बाळ वाचलं, ती वाचली, पण रक्त थांबेना म्हणून गर्भाशय काढावं लागलं होतं. तिचा नवरा नंतर माझ्या खिडकीवर कागद मागायला आला होता.

“माझं,” डॉक्टर म्हणाले.

“सर, एकसष्ट मी केलं होतं,” उन्नती म्हणाली.

“सकाळी सहा वाजता तू मला सांगितलंस की आता घेऊ या. मी बारापर्यंत थांबवलं. होईल नॉर्मल म्हटलं.”

“पण पोट मी उघडलं. पिशवी मी काढली. तुम्ही सांगत होता, हात माझे होते.”

“तुझी सत्तर होतायत त्याशिवायही. हे कशाला हवंय तुला?”

“तुम्हीच म्हणालात ना, कुठलीही चालत नाहीत म्हणून.”

तीन वर्षांत ती त्यांना उलट बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली, आणि तेही कशासाठी, तर अख्ख्या वर्षातलं सगळ्यात वाईट ऑपरेशन आपल्या नावावर घेण्यासाठी. चांगली बाळं वाटून घेताना कोणी भांडलं नव्हतं. मशीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकत होतं. मी म्हटलं, काय ते लवकर ठरवा, पान बंद होईल आणि मग पहिल्यापासून सगळं.

डॉक्टरांनी उजवा हात खिशातून काढला आणि रजिस्टरच्या त्या ओळीवर ठेवला. हात हलत होता, रजिस्टरचं पान त्याच्याखाली बारीक वाजत होतं. तो हात आम्ही चौघांनी एकत्र असा पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी तो लगेच मागे घेतला नाही.

“शेऱ्याची जागा असते ना?” त्यांनी मला विचारलं. असते, मी म्हटलं. शिकवणाऱ्याच्या शेऱ्यात आतापर्यंत मी सगळीकडे ‘समाधानकारक’ टाकत आले होते. ते म्हणाले, नोंद तिच्या नावावर टाक आणि शेऱ्यात लिही. मग सावकाश सांगितलं, मी इंग्रजी करून टाइप केलं: शस्त्रक्रियेचा निर्णय मी सहा तास उशिरा घेतला. विद्यार्थिनीने सकाळीच सुचवलं होतं. मी वाचून दाखवलं. त्यांनी ‘सहा’ हा आकडा अक्षरातही लिहायला सांगितला.

शहाण्णववा नंबर संपला तेव्हा सव्वा वाजला होता. डॉक्टरांची सात, विघ्नेशची अकरा, उन्नतीची अठ्ठ्याहत्तर. बेरीज शहाण्णव. एवढी वर्षं बेरजा करतेय, पण बेरीज बरोबर आल्यावर खोलीत इतकं अवघडल्यासारखं कधी झालं नव्हतं. डॉक्टर उठले, या वेळी मान वाकवली, आणि जाता जाता विनीला म्हणाले, सोमवारपासून सर्जनच्या रकान्यात जो करील त्याचं नाव. विनीने हो म्हटलं. माझा पत्राचा मसुदा टेबलावर राहिला होता, तो मी पाठकोरा म्हणून वापरून टाकला.

ते गेल्यावर उन्नती बराच वेळ स्टुलावर बसून होती. तिला म्हटलं, घरी जा, झोप. ती म्हणाली, “आंटी, मला चाळीसच हवी होती हो.”

“मलाही,” मी म्हटलं.

एप्रिलमध्ये मंडळाकडून दोन पत्रं एकाच टपालाने आली. एकात उन्नती जूनच्या परीक्षेला पात्र. दुसऱ्यात, गतवर्षी स्वतः केलेल्या शस्त्रक्रियांची संख्या अपुरी असल्याने डॉ. बर्नार्ड घोन्साल्विस यांची शिक्षक म्हणून मान्यता पुढे चालू राहणार नाही, आणि द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याने अन्यत्र व्यवस्था करावी. दोन्ही पत्रांवर सही एकाच माणसाची होती. मी दोन्ही आवक वहीत चढवली. विघ्नेशला नाशिकला जागा मिळाली. जाताना तो माझ्याकडे कागद न्यायला आला, तेव्हा म्हणाला, “तुम्ही टाइप केलंत, आंटी.” हो, मी म्हटलं, मीच केलं. तो रागावलेला नव्हता, थकलेला होता. सामान बांधून झालेल्या माणसाला रागावायला वेळ नसतो. मी त्याची निळी वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली.

डॉक्टरांनी ओपीडी सोडली नाही. फक्त चहाचा कप आता सगळ्यांसमोर दोन्ही हातांनी उचलायचे. शिकाऊ डॉक्टरांची खोली रिकामी झाली, तिथे ट्रस्टने सलाइनची खोकी रचली. उन्नती परीक्षेपर्यंत राहिली, एकटीच दोघांचं काम ओढत होती, आणि विनी रजिस्टरमध्ये तिचं नाव लिहीत होती. सुरुवातीला विनीच्या हातून ‘ब’ निघून जायचा, मग त्यावर रेघ मारून पुढे उन्नती. महिनाभर तो रकाना असाच खोडाखोडीचा.

रजिस्टरमध्ये लिहिलं म्हणजे घरी जायच्या कार्डावरही तेच लिहावं लागतं. मे महिन्यात गावाकडची एक सासू माझ्या खिडकीवर आली. मी तिला ओळखत होते, चर्चमध्ये आमच्या पुढच्या बाकावर बसते. धाकटी सून बाळंत झालेली, बाळ अंगावर गुंडाळून मागे उभी. सासूने कार्ड जाळीतून आत सरकवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

हे नाव कोणाचं, तिने विचारलं. उन्नती डॉक्टरांचं, मी म्हटलं, त्यांनी सिझर केलं.

“बर्नार्ड डॉक्टरांनी नाही केलं?”

“नाही.”

ती थोडी मागे सरली. रागाने काही बोलेल असं वाटलं. मग म्हणाली, मोठ्या सुनेचं गेल्या वर्षी झालं, जुलैत, ते तर डॉक्टरांनीच केलं होतं. बाहेर आले तेव्हा आम्ही त्यांच्या हाताला हात लावला होता, नातवाचं नावही बर्नार्ड ठेवलंय.

मला रजिस्टर काढायची गरज नव्हती. त्या शनिवारी मी ते नाव मोठ्याने वाचलं होतं. मला ‘बघावं लागेल’ म्हणता आलं असतं. सव्वीस वर्षं मी त्या खिडकीतून तेच म्हणत आले होते.

“तेही उन्नती डॉक्टरांनीच,” मी म्हटलं.

सासू जाळीला धरून उभी राहिली. मागे रांगेत चार माणसं होती. तिने सुनेकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे.

“मग डॉक्टर काय करत होते?”

“समोर उभे होते.”

“सगळा वेळ?”

“सगळा वेळ,” मी म्हटलं, कार्डावर शिक्का मारला आणि तिच्या हातात दिलं.